काम सोडता आलं पाहिजे

ऑक्टोबर २०२४ मध्ये कुर्डुवाडीतल्या माझ्या दुकानात पॅन कार्डाची दुरुस्ती करून घेणारी पोरं एकदम वाढली. पासपोर्टवर नाव एक, पॅनवर दुसरं. कुणाच्या वडिलांच्या नावामागे ‘राव’ चिकटलेलं, कुणाचं आडनावच गाळलेलं. एवढी घाई कशासाठी म्हणून विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच, “ऑस्ट्रेलियाचा लकी ड्रॉ निघालाय.”

माझं दुकान झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं. सातबारा, पीकविमा, रेल्वे भरती, शिष्यवृत्ती, ई-श्रम कार्ड असं सगळं चालतं. कुर्डुवाडी जंक्शन असल्यामुळे येणाराजाणारा बराच. कामासाठी कोण कुठं निघालाय हे मला त्याच्या कागदांवरून कळतं. पण मजुरी करायला ऑस्ट्रेलियात जायचं आणि त्यासाठी सोडत काढायची, हे नवीन होतं. त्या सोडतीत माझ्या भाच्याचंही नाव होतं. ते निघालं, आणि आता तो क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर टुली नावाच्या गावात केळीचे घड उचलतो. त्याच्या फोनमुळे आणि त्याची कागदपत्रं माझ्याच हातून गेल्यामुळे या सगळ्या प्रकरणाची मला बऱ्यापैकी माहिती झाली. दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

या व्हिसाचं नाव ‘वर्क अँड हॉलिडे’, क्रमांक ४६२. म्हणजे तरुणांनी वर्षभर देश हिंडावा आणि हिंडण्याचा खर्च निघावा म्हणून मधूनमधून काम करावं. ऑस्ट्रेलियानं ही पद्धत १९७५ साली ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंडच्या पोरांसाठी सुरू केली. पाठीवर सॅक टाकून ती यायची, समुद्रकिनाऱ्यानं फिरायची, पैसे संपले की एखाद्या बागेत फळं तोडायची. पुढे तिथल्या बागायतदारांना याच पोरांची सवय लागली. २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या तेव्हा तोडायला माणसं मिळेनात आणि कित्येक शेतांत माल जागेवर सडला. सरकार कागदावर याला सुट्टी म्हणत असलं, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीनं तो मजूरपुरवठाच आहे.

भारतीयांना हे दार उघडलं ते व्यापार करारामुळे. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा आर्थिक सहकार्य करार २ एप्रिल २०२२ ला झाला, २९ डिसेंबरपासून लागू झाला. त्यात वर्षाला १,००० भारतीयांसाठी जागा ठेवल्या. पहिली सोडत ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज आले. नोंदणीची फी २५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे चौदाशे रुपये. त्यासाठी पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं, म्हणून माझ्याकडची ती गर्दी.

नाव निघालं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. नाव निघाल्यावर खरा अर्ज करायचा, त्याची फी वेगळी, साडेसहाशे डॉलरच्या पुढे. वय १८ ते ३०. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण. कामापुरतं इंग्रजी येत असल्याचा दाखला. खात्यात सुमारे ५,००० डॉलर, म्हणजे पावणेतीन-तीन लाख रुपये, वर परतीच्या तिकिटाची सोय. मुलंबाळं बरोबर नेता येत नाहीत. या अटी वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्याला मजुरीची खरी गरज आहे, त्याला ही मजुरी मिळणारच नाही. ज्याच्या खात्यात तीन लाख पडून आहेत तोच घड उचलायला जाऊ शकतो. माझा भाचा बीएस्सी ॲग्री. करमाळा तालुक्यात कंदरकडे त्यांची स्वतःची केळी आहे. ताई अजून म्हणते, “घरच्या बागेत एक घड उचलला नाहीस, आणि तिकडं जाऊन हमाली करतोस?”

कंदर-टेंभुर्णीचा पट्टा ज्यांना माहीत आहे, त्यांना हे काम समजावून सांगायची गरज नाही. उजनी धरणाच्या पाण्यावर तिथं केळी उभी राहिली आणि आता ती इराण-आखातापर्यंत जाते. काढणीच्या टोळ्या बहुतेक बिहार-बंगालकडच्या. एकजण खोडाला चीर देतो, घड वाकत खाली येतो, दुसरा खांद्यावर गादी ठेवून तो झेलतो, पहिला दांडा तोडतो. घड जमिनीला टेकवायचा नाही, सालीला घासला की निर्यातीतून गेला. मग हौदात धुणं, फण्या करणं, तेरा किलोच्या पेटीत भरणं. टुलीतही हेच चालतं. घड खांद्यावर झेलणाऱ्याला तिथं ‘हंपर’ म्हणतात. घड पन्नास-साठ किलोपर्यंत जातो. तो घेऊन चिखलातून ट्रेलरपर्यंत चालायचं, ट्रेलरवर अलगद ठेवायचा, परत यायचं. पहिल्या आठवड्यात भाच्याचा उजवा खांदा सुजून काळानिळा झाला होता. फोनवर दाखवला तेव्हा ताईनं फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

चिखल म्हणते तो खरोखरचा चिखल. टुली हे ऑस्ट्रेलियातल्या सर्वात जास्त पावसाच्या गावांपैकी एक. १९५० साली तिथं ७,९०० मिलीमीटर पाऊस पडला. त्याची आठवण म्हणून गावात ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलाय. आपल्या माढा तालुक्यात वर्षाला पाचशे-सहाशे मिलीमीटर पडला तरी चांगलं वर्ष म्हणायचं. भाच्यानं त्या बुटापुढे उभं राहून फोटो पाठवला, तो मी दुकानात लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, हे कसलं देऊळ?

तिथं बागेत शिरताना प्रत्येकानं बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, गाड्यांची चाकं धुवायची. कारण पनामा रोग. त्याचा ‘टीआर-४’ नावाचा प्रकार मार्च २०१५ मध्ये टुलीच्या परिसरात सापडला. ही बुरशी मातीतून पसरते, एकदा जमिनीत शिरली की दशकानुदशकं जात नाही आणि बुटाला चिकटलेल्या मातीतूनही दुसऱ्या बागेत पोचते. बिहारमध्येही तो रोग आलेला आहे. टोळ्या तिकडूनच आपल्याकडे येतात, म्हणून भाच्यानं वडिलांना बागेच्या तोंडाशी बूट धुवायचं टाकं बांधायला लावलं. ऑस्ट्रेलियाच्या मजुरीतून घरी आलेली पहिली गोष्ट ती.

किनाऱ्याच्या कडेनं हंगाम कसा सरकतो हे समजलं की बॅकपॅकर पोरं कशी फिरतात तेही कळतं. टुली-इनिसफेलला केळी बारा महिने, देशातली बहुतेक केळी याच भागातून येतात. त्याच्या खाली बोवेनला टोमॅटो आणि भाजीपाला, साधारण मे ते नोव्हेंबर, कारण आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. आणखी खाली बुंडाबर्गला रताळी, टोमॅटो, मॅकाडेमिया असं काही ना काही वर्षभर. ब्रिस्बेनच्या वर कबूल्चरला जून ते ऑक्टोबर स्ट्रॉबेरी. मग न्यू साउथ वेल्समध्ये कॉफ्स हार्बरला ब्लूबेरी. डिसेंबर-जानेवारीत टास्मानियाला चेरी, फेब्रुवारीनंतर सफरचंद. पोरं उन्हाबरोबर खाली-वर सरकत राहतात. कुठं काय तोडणीला आलंय हे सांगणारी ‘हार्वेस्ट ट्रेल’ नावाची सरकारी सेवा आहे, ती फुकट आहे. रविवारी भाचा मित्रांबरोबर मिशन बीचला जातो. रस्त्यावर कॅसोवरी या माणसाएवढ्या पक्ष्यापासून सावध राहण्याच्या पाट्या असतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत समुद्रात विषारी जेलीफिश येतात, तेव्हा जाळी लावलेल्या पट्ट्यातच पोहायचं.

किनाऱ्यावरच्या शेतात भारतीय माणूस नवा नाही. कॉफ्स हार्बरजवळ वुलगुल्गा नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पंजाबातून आलेले शीख आधी फेरीवाले आणि ऊसतोडे म्हणून फिरले, १९४० च्या दशकात वुलगुल्ग्यात केळीच्या बागांत स्थिरावले आणि पुढे बागांचे मालक झाले. १९६८ मध्ये तिथं ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा उघडला. आज त्यांची नातवंडं ब्लूबेरी लावतात आणि ती तोडायला बॅकपॅकर ठेवतात. मराठी माणूस सिडनी-मेलबर्नला पोचला तो संगणक आणि बँकांमधून. बागेत उतरलेली आत्ताची ही पोरं पहिलीच असावीत.

आता दुकानात सगळ्यात आधी विचारला जातो तो प्रश्न, पैसे किती? १ जुलै २०२५ ला ऑस्ट्रेलियाचं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. कायम नोकरी नसलेल्या, म्हणजे ‘कॅज्युअल’ माणसाला त्यावर २५ टक्के जादा, कारण त्याला भरपगारी रजा नाही की आजारपणाची सुट्टी नाही. शेतीच्या वेतनश्रेणीत नवख्याला दर थोडा कमी असतो, तरी कर कापण्याआधी तासाला ३० डॉलरच्या वर पडतात. अडतीस तासांचा आठवडा धरला तर साडेअकराशेच्या आसपास. व्हिसावाल्यांना पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर, २०१७ पासून. मालकानं अशा मजुरांसाठी कर खात्यात नोंदणी केलेली नसेल तर ३० टक्के कापले जातात, म्हणून कामाला लागण्याआधीच हे विचारायचं. मालक वरून १२ टक्के निवृत्तिनिधी भरतो. देश सोडताना तो परत मागता येतो, पण त्यातले ६५ टक्के सरकार कापून घेतं. उरलेले पस्तीसही पुष्कळ पोरं मागायची विसरतात.

पूर्वी बहुतेक फळतोडणी उक्त्यावर चालायची. बादलीला इतके, पेटीला तितके. नवखा पोरगा दिवसभर राबून पंधरा-वीस डॉलर घेऊन घरी जायचा. यावर बराच आरडाओरडा झाला आणि २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला. उक्ते काम असलं तरी तासाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. उक्त्याचा दर असा ठरवायचा की साधारण सराव झालेला मजूर तासाच्या दरापेक्षा किमान १५ टक्के जास्त मिळवेल. दर लेखी द्यायचा आणि तास लिहून ठेवायचे. पगार दिल्यावर एका कामाच्या दिवसाच्या आत पगाराची पावती द्यायची. तिच्यात तास, दर, कपात, मालकाचा व्यवसाय क्रमांक, सगळं आलं पाहिजे.

मात्र कायद्यात असलेलं शेतात असतंच असं नाही. भाचा टुलीला जाण्याआधी दुसऱ्या एका गावात एका हॉस्टेलवर उतरला होता. अशा हॉस्टेलांना ‘वर्किंग हॉस्टेल’ म्हणतात. ते खोली देतात, कामही तेच लावतात, पहाटे त्यांचीच व्हॅन शेतावर सोडते. भाडं आठवड्याला दोनशे डॉलरच्या पुढे, एका खोलीत आठ पलंग. “सोमवारी काम सुरू होईल” असं रोज सांगायचे. सोमवार उजाडायचा, पावसाचं कारण निघायचं. काम सुरू होईपर्यंत भाड्याची थकबाकी चढलेली. मग कामाचे पैसे आले की आधी भाड्यात वळते. हे ऐकताना मी त्याला म्हटलं, “अरे, ही तर ऊसतोडीची उचल झाली!” तो हसला. म्हणाला, “मावशी, इथल्या मुकादमाकडं एसी व्हॅन आहे, एवढाच फरक.”

त्यात एक आणखी गाठ आहे, अठ्ठ्याऐंशी दिवसांची. पहिला व्हिसा वर्षाचा. दुसरं वर्ष पाहिजे असेल तर ठरवून दिलेल्या भागात शेतीसारखं ठरावीक काम तीन महिने, म्हणजे ८८ दिवस करायचं. तिसऱ्या वर्षासाठी सहा महिने. ब्रिटिशांना जुलै २०२४ पासून ही अट माफ झाली, भारतीयांना नाही. पावसामुळे बसून काढलेला दिवस यात धरत नाहीत. त्यामुळे ऐंशी दिवस झालेला पोरगा उरलेल्या आठ दिवसांसाठी वाटेल ते सोसतो. मालक ओरडला तरी गप्प, पैसे कमी दिले तरी गप्प. काही ठिकाणी तर न केलेल्या कामाचे दिवस विकले जातात, हा सरळ गुन्हा आहे आणि सापडला की व्हिसा जातो.

हॉस्टेलवर अवलंबून राहण्याचा सगळ्यात भीषण परिणाम दिसला तो चिल्डर्स या बुंडाबर्गजवळच्या गावात. २३ जून २००० च्या पहाटे तिथल्या बॅकपॅकर हॉस्टेलला आग लावली गेली, त्यात १५ जण गेले. बहुतेक जण फळं तोडायला आलेली परदेशी पोरं होती. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये अशा स्वस्त निवाऱ्यांसाठी आगीचे नियम कडक झाले. भाच्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खोलीत गेलास की आधी मागचं दार उघडतं का बघ.

त्या पहिल्या हॉस्टेलवरून तो निघाला कसा, हे मात्र सांगितलं पाहिजे. थकबाकी फेडली, बॅग उचलली आणि बसनं टुलीला आला. हे जमलं, कारण त्यानं भरलेले दिवस त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होते. ८८ दिवस एकाच मालकाकडे भरायचे नसतात, चार ठिकाणचे मिळून चालतात. पगाराच्या पावत्या जपल्या की झालं. मालक बदलला तरी कर क्रमांक तोच, निवृत्तिनिधीचं खातं तेच. शेतीकामाला एका मालकाकडे सहा महिन्यांची मर्यादाही नाही, म्हणजे चांगला मिळाला तर राहा, वाईट मिळाला तर जा. त्याच्या हातात ज्या पावत्या होत्या, त्यांच्या जोरावर तो काम सोडू शकला.

टुलीला पोचल्यावर त्याचा पहिला फोन केळीबद्दल नव्हता, रेल्वेबद्दल होता. “मावशी, इथं अजून छोटी गाडी चालते!” माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे आमच्या घरात हा विषय निघाला की संपत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये इथूनच बार्शीला सुटली. तेव्हा या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. अडीच फुटी रुळांवरून ती १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. वारकरी तिनंच जायचे. ती सगळी लाइन आता ब्रॉडगेज झाली. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर मात्र त्याहून अरुंद, दोन फुटी रुळांचं सुमारे चार हजार किलोमीटरचं जाळं आजही ऊस वाहतं. जून ते नोव्हेंबर टुलीत हमरस्त्यावरची वाहनं थांबवून उसाच्या डब्यांची लांबलचक गाडी कारखान्यात शिरते.

पण त्या उसाच्या शेतात माणूस दिसत नाही. मॉसमनपासून खाली ग्राफ्टनपर्यंत दोन हजार किलोमीटरच्या किनारपट्टीत ऊस आहे आणि १९७९ च्या सुमारास त्याची हातानं होणारी तोड पूर्ण थांबली. आता सगळं हार्वेस्टर करतं. त्याआधीचा इतिहास काही अभिमानाचा नाही. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२,००० करार करून माणसं क्वीन्सलँडच्या उसात आणली, पुष्कळांना फसवून, काहींना सरळ पळवून. १९०१ मध्ये कायदा करून त्यातल्या बहुतेकांना परत हाकललं. तिथलं सरकार आज उक्त्याच्या दरावर, पावतीवर एवढं बोट ठेवतं, त्याला या जुन्या हिशोबाचीही पार्श्वभूमी आहे.

आणि आपल्याकडे? सोलापूर हा राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. दसरा झाला की बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालन्याकडून टोळ्या यायला लागतात. ट्रकात संसार, शेळी, पोरं, वर सायकल. फडाच्या कडेला कोपी उभी राहते. पहाटे चारला कोयता चालू. नवराबायकोची जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. म्हणजे दोघांच्या दिवसभराच्या घामाचे साडेपाचशे ते सव्वासातशे. वाढं विकून आले तर थोडे वरखर्चाला. एक दिवस आजारी पडलं की खाडा, तोही कापला जातो.

हे पैसे हातात येतच नाहीत, कारण ते आधीच खर्च झालेले असतात. पावसाळ्यात मुकादम उचल देतो, जोडीला लाखाच्या आसपास, कधी जास्त. त्यात लग्न होतं, दवाखाना होतो, घरावर पत्रा पडतो. मग पाच-सहा महिने ती फेडायची. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी फिटली नाही तर बाकी पुढच्या सीझनला. मुकादमही सुखात नसतो. टोळीनं उचल घेऊन दुसरीकडे पळ काढला तर तो कर्जात बुडतो. पण या सगळ्यात फडावरचा माणूस काम सोडू शकत नाही. त्यानं किती टन तोडला, किती फिटले, किती उरले, हे मुकादमाच्या वहीत असतं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे. तरीही उचल घेताना मजुराचा अंगठा उमटतो तो एका कोऱ्या पानावर, आणि त्याची झेरॉक्ससुद्धा त्याला मिळत नाही. हे मी झेरॉक्सवाली म्हणून सांगते.

ऑस्ट्रेलियाचा दर आपल्याला परवडेल का, हा वाद मला घालायचा नाही. तिथं एक किलो केळी आपल्या कितीतरी पट महाग आहेत, घरभाडंही तसंच. शिवाय तिथल्या मोठ्या बागांत आता पॅसिफिक बेटांवरून सरकारी योजनेतून आणलेले मजूर आहेत. त्यांना मालक सहज बदलता येत नाही आणि त्यांच्या तक्रारी बॅकपॅकरपेक्षा जास्त गंभीर आहेत. म्हणजे तिथंही जो जाऊ शकतो त्याला बरी वागणूक मिळते, जो अडकलाय त्याला मिळत नाही. दर देशागणिक बदलतो, जाऊ शकणाऱ्यालाच बरी वागणूक हे सूत्र मात्र दोन्हीकडे सारखंच दिसतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. या व्हिसाला एजंट लागत नाही. सोडत ऑस्ट्रेलिया सरकारच्या संकेतस्थळावर होते, नाव संगणक काढतो, त्यात कुणाची ओळख चालत नाही. “शेतीकामाची हमी, वीस लाख द्या” असं म्हणणाऱ्याला दुकानाबाहेर काढायचं. भारतीयांना तिथली सरकारी आरोग्यसेवा मोफत नाही, विमा इथूनच काढून जायचा. कामावर दुखापत झाली तर मात्र भरपाईचा हक्क व्हिसावाल्यालाही आहे. कामाचे तास रोज स्वतःच्या वहीत लिहायचे, शेताच्या पाटीचा फोटो काढायचा. हॉस्टेलचं आगाऊ भाडं एका आठवड्याच्या वर भरायचं नाही. पैसे बुडवले तर ‘फेअर वर्क ओम्बुड्समन’ या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते, त्यांची माहिती हिंदीतही मिळते. आणि खांद्याची सवय करायची असेल, तर कंदरला माझ्या मेहुण्यांच्या बागेत जागा रिकामी आहे.

ज्यांना जायचं नाही, किंवा जाता येणार नाही, त्यांच्यासाठी मागणं एवढंच. ऊस कारखान्याच्या काट्यावर गेला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज येतो. गाडी नंबर, टन, किलो, सगळं त्यात असतं. म्हणजे यंत्रणा तयारच आहे. तोच मेसेज तोडणाऱ्या जोडीच्या मोबाइलवर जायला काय हरकत आहे? उसाच्या टनामागे दहा रुपये गोळा करणारं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, मजुरांची नोंदणी आहे, आधार आहे, खाती आहेत. आज किती टन तोडला, त्याचे किती झाले, उचलीतले किती वळते झाले, बाकी किती, एवढ्या चार ओळी रोज संध्याकाळी बाईच्या आणि गड्याच्या अशा दोघांच्याही फोनवर पडाव्यात. उचल लगेच बंद होणार नाही, मला माहीत आहे. पण बाकी शून्य झाल्याचा मेसेज हातात असलेल्या माणसाला फडावर अडवून ठेवणं अवघड जाईल. दुसरा मुकादम जास्त देत असेल तर तो तिकडे जाईल, आणि पहिल्याला दर वाढवावा लागेल. माझ्या दुकानात त्या नोंदणीचा फॉर्म भरायचे पैसे मी घेणार नाही.